बीज, क्षेत्र आणि संहिता : छिनच्या पहिल्या सम्राटाच्या पितृत्वाचा वाद

इतिहास हेही एक कथनच असल्यामुळे 'प्रत्यक्षात काय घडले' हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारू नये, असे एक मत आपल्या विद्यापीठीय चर्चेत आता इतके रुळले आहे की, ते मत आहे याचाही विसर पडावा. एका चर्चासत्रात 'जन्मरहस्य आणि ऐतिहासिक कथन' या विषयावरील निबंध ऐकताना याचा प्रत्यय आला. निबंधकाराने चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याचे उदाहरण घेतले होते. सम्राट हा राजपुत्राचा नव्हे, तर ल्यू बुवेई नामक व्यापाऱ्याचा मुलगा, असे त्याने निःशंकपणे सांगितले. 'हे कशावरून?' असे विचारले असता, सत्यासत्याचा प्रश्न येथे गैरलागू आहे, सर्व संहिता समान आहेत, असे उत्तर मिळाले. मात्र पुढच्याच परिच्छेदात, जन्मातच कपट असलेली सत्ता १५ वर्षांत कोसळली हे स्वाभाविकच होते, असा निष्कर्ष त्याच सत्यावर उभा राहिला! अध्यक्षांनी चहाची वेळ झाल्याचे सांगून चर्चा थांबवली. त्या थांबलेल्या चर्चेचा उर्वरित भाग येथे मांडावयाचा आहे. निबंधकार तरुण आहे आणि दोष त्याचा एकट्याचा नाही. हे त्याला आम्हीच शिकवले आहे.

प्रथम संहितेत काय आहे ते पाहू. (प्रस्तुत लेखकाला चिनी भाषा येत नाही. बर्टन वॉटसन आणि विल्यम निनहाउझर यांची इंग्रजी भाषांतरे शेजारी शेजारी ठेवून हे वाचन केले आहे. निबंधकाराने तेवढेही केलेले नव्हते, म्हणून हे सांगितले.) इ. स. पू. ९० च्या आसपास पूर्ण झालेल्या 'शिजी' या १३० प्रकरणांच्या ग्रंथात सिमा छियेनने हा विषय दोन ठिकाणी हाताळला आहे. सहावे प्रकरण म्हणजे सम्राटाचा राजकीय वृत्तान्त. तेथे तो राजा झ्वांगश्यांगचा मुलगा आहे. वडील झाओ राज्यात ओलीस असताना त्यांनी ल्यू बुवेईची एक रखेली पाहिली, ती त्यांना आवडली, त्यांनी तिला आपलीशी केले आणि तिच्या पोटी मुलगा झाला, एवढेच निवेदन आहे. जन्म इ. स. पू. २५९ मधला, हान्दान येथील, वर्षाच्या पहिल्या महिन्यातला, नाव झंग. गर्भाविषयी एक अक्षर नाही.

पंच्याऐंशीवे प्रकरण ल्यू बुवेईच्या चरित्राचे आहे, आणि सारा गोंधळ तेथे आहे. स्वस्तात घेऊन महाग विकणारा हा मोठा व्यापारी हान्दानला येतो. छिनच्या युवराजाच्या वीसाहून अधिक मुलांपैकी एक, आईच्या बाजूने दुबळा, शत्रुराज्यात ओलीस पडलेला राजपुत्र तेथे त्याला दिसतो. हा दुर्मीळ माल आहे, तो साठवून ठेवण्याजोगा आहे, असे त्याला वाटते. तो राजपुत्रावर पैसा ओततो, युवराजाच्या आवडत्या पण निपुत्रिक पत्नीला वळवून त्याला तिचा दत्तक मुलगा करवतो. त्यानंतर ती स्त्री कथेत येते. हान्दानच्या स्त्रियांतली देखणी, नृत्यकुशल अशी ती ल्यू बुवेईजवळ राहते आणि तिला दिवस गेल्याचे त्याला कळते. राजपुत्र मद्यपानाच्या बैठकीत तिला पाहतो आणि मागतो. ल्यू बुवेई संतापतो. पण सारी संपत्ती या माणसावर लावून झालेली आहे हे ध्यानात येताच तिला देऊन टाकतो. ती आपली अवस्था लपवते आणि 'मोठी मुदत' पूर्ण झाल्यावर झंगला जन्म देते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ल्यू बुवेईने गर्भवती स्त्री मुद्दाम राजपुत्राच्या गळ्यात बांधली, हा जो कट सर्वत्र सांगितला जातो, तो या संहितेत नाहीच. संहितेतला ल्यू बुवेई मागणी ऐकून चिडतो. ज्याने जाळे टाकले तो मासा लागल्यावर चिडत नाही. कट ही उत्तरकालीन पुनर्कथनांची भर आहे. 'सर्व संहिता समान' म्हणणाऱ्यांनी निदान मूळ संहिता आणि तिचे सांगोवांगी रूप यांत फरक करावा, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

आता त्या 'मोठ्या मुदती'विषयी. प्राचीन भाष्यकारांपैकी कोणी तिचा अर्थ बारा महिने असा केला. कोणी म्हटले की, मूल दहा महिन्यांनी (अर्थात चिनी मोजणीने) जन्मते, येथे दोन महिने अधिक झाले म्हणून ती 'मोठी'. अर्थ कोणताही घ्या, अडचण टळत नाही. मुदत राजपुत्राकडे गेल्यापासून मोजली, तर पिता राजपुत्रच ठरतो आणि आधीचा गर्भ निरर्थक होतो. गर्भ राहिल्यापासून मोजली, तर आधीच दिवस गेलेली स्त्री आणखी वर्षभर गर्भ वाहते असे मानावे लागते. हा चरित्राचा नव्हे, पुराणाचा प्रदेश झाला. म्हणजे जे वाक्य पितृत्वाविषयी शंका निर्माण करते, त्याच्याच शेवटी ती शंका पुसणारा शब्द आहे. अठराव्या शतकात ल्यांग यूशंग या छिंगकालीन पंडिताने हे ओळखले होते. त्याच्या मते सिमा छियेनने राजवृत्तान्तात जन्माचे वर्ष व महिना नोंदवून आणि चरित्रात मुदत सांगून, लोक काहीही म्हणोत, मूल पूर्ण दिवसांचे होते, हेच सुचवले आहे. त्यासाठी त्याने लू राज्याच्या 'वसंत-शरद' वृत्तान्तातील एका राजपुत्राच्या जन्मनोंदीचा दाखला दिला. तेथेही आईविषयी प्रवाद होता आणि म्हणूनच जन्म मुद्दाम नोंदवला गेला, असे परंपरा मानते. यूशंगचे म्हणणे अखेरपर्यंत मान्य करावेच असे नाही; पण एका शब्दावर थांबून वाचणे म्हणजे काय, याचा तो वस्तुपाठ आहे.

याच प्रकरणात याहून मोठी विसंगती आहे. इ. स. पू. २५७ मध्ये छिनच्या सैन्याने हान्दानला वेढा घातला, तेव्हा राजपुत्र निसटला आणि झाओने त्याच्या बायकामुलाला मारावयाचे ठरवले. ती दोघे वाचली कशी? संहिता सांगते की, ती झाओतील एका बड्या घराण्याची मुलगी असल्यामुळे तिला लपता आले. थोड्याच ओळींपूर्वीची नर्तकी येथे बड्या घरची लेक झाली आहे. बड्या घरची मुलगीही नृत्यनिपुण असू शकते, अशी सारवासारव करता येईल. पण बड्या घराण्याने आपली मुलगी परमुलखातल्या व्यापाऱ्याकडे रखेली म्हणून ठेवावी आणि त्याने ती दारूच्या बैठकीत दुसऱ्याला देऊन टाकावी, हे पटवून घ्यावयास बरेच कष्ट पडतात. दोन वेगवेगळ्या हकीकती एका चरित्रात शिवल्या गेल्या आहेत आणि शिवण दिसते आहे, असे म्हणणे अधिक सरळ आहे.

शिवण कोठून आली याचाही माग लागतो. 'झान ग्वो त्स' या युद्धमान राज्यांच्या काळातील हकीकतींच्या संग्रहात ल्यू बुवेईची गोष्ट आहे. शेतीत नफा किती, जडजवाहिरात किती आणि एखाद्याला राजा करण्यात किती, असे तो बापाला विचारतो. शेवटच्या धंद्याचा नफा मोजता येत नाही असे उत्तर येते. राजपुत्र आहे, गुंतवणूक आहे, दत्तकविधान आहे. स्त्री मात्र नाही आणि गर्भही नाही. उलट त्याच संग्रहात, छू राज्याच्या भागात, गर्भवती स्त्रीची गोष्ट तयार मिळते. छूच्या राजाला मूल नव्हते. ली युआनने आपली बहीण प्रधान छुनशन याच्याकडे दिली. तिला दिवस गेल्यावर, मला आता राजाकडे पाठव म्हणजे तुझा मुलगा राजा होईल, असे तिनेच त्याला सुचवले. तसे झाले. इ. स. पू. २३८ मध्ये राजा वारला आणि ली युआनने छुनशनचा खून करवला. सिमा छियेनने ही गोष्ट अठ्ठ्याहत्तराव्या प्रकरणात सांगितली आहे. त्या प्रकरणाच्या अखेरीस मजकुराशी वरवर काहीच संबंध नसलेली एक नोंद येते: हे छिनच्या राजाचे नववे वर्ष, याच वर्षी तेथे लाओ आयचे बंड उघडकीस आले आणि ल्यू बुवेई पदच्युत झाला. म्हणजे छूच्या गर्भाची गोष्ट संपवताना लेखकाची लेखणी आपोआप ल्यू बुवेईकडे वळली. दोन्ही कथा निदान त्याच्या मनात तरी शेजारी राहत होत्या, याचा इतका नितळ पुरावा क्वचित सापडतो.

माझे म्हणणे असे की, पितृत्वाची कथा ही ल्यू बुवेईच्या चरित्राला लाभलेल्या रूपकाची परिणती आहे. राजपुत्र म्हणजे माल, राजपद म्हणजे नफा हे रूपक 'झान ग्वो त्स'मध्येच आहे. पण तेथे ते बोलण्याच्या पातळीवर राहते. रूपक एकदा रुजले की ते कथानक मागू लागते. व्यापाऱ्याने भांडवल लावले तर मुद्दल व्याजासह त्याच्याच घरी परतावयास हवे. नुसते प्रधानपद आणि जहागीर मिळून हिशोब पुरा होत नाही. सिंहासनावर त्याचेच रक्त बसले तर मात्र होतो. छूची कथा तयार होतीच. तिच्यातून गर्भ उचलला गेला आणि रूपकाला देह मिळाला. राजाने तरुणपणी ल्यू बुवेईला 'जोंगफू' म्हणजे पित्यासमान वडीलधारा म्हणावयाचे, या वस्तुतः जुन्या मानाच्या संबोधनानेही (छीच्या राजाने आपल्या प्रधानाला तेच दिले होते) कल्पनेला खतपाणी मिळाले असावे.

'सर्व काही कथनच' म्हणणाऱ्याला हे दिसणार नाही, याचे कारण त्याने दोन कथनांतला फरक मोजण्याचे मापच फेकून दिले आहे. या मंडळींचा आधार असतो हेडन व्हाइट. १९७३ च्या 'मेटाहिस्टरी'त त्यांनी इतिहासकार घटनांना कथानकाचा आकार देतो असे दाखवले, ही मोठीच कामगिरी. पण घटना घडली की नाही हे विचारू नका, असा तिचा अर्थ होत नाही. आकार कोणी दिला, कशातून दिला हे विचारताच आकार देण्यापूर्वी काय होते याकडे वळावेच लागते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण त्यांचीही सुटका करावयाची नाही. हे विद्वान कथेला खोटे मानतात, येथवर त्यांच्याशी मतभेद नाही. मिंगकालीन वांग शिझन यांनी ही कथा खुद्द ल्यू बुवेईने किंवा त्याच्या आश्रितांनी पसरवली असावी असा तर्क केला होता. ग्वो मोरो यांनी विसाव्या शतकात ती हान काळाच्या आरंभी, सम्राज्ञी ल्यूच्या घराण्याची सत्ता असताना रचली गेली असावी असे मांडले; आडनाव एकच, तेव्हा छिनही आमचेच होते, असा तो दावा. अमेरिकन अभ्यासक डर्क बॉडे यांनी तर गर्भाविषयीचे वाक्यच प्रक्षिप्त ठरवले: सिमा छियेनच्या पश्चात कोणीतरी सम्राटाची बदनामी करण्यासाठी ते घुसडले. हा उपाय सोयीचा आहे. सम्राट औरस राहतो, इतिहासकार निष्कलंक राहतो आणि दोष नाव नसलेल्या लेखनिकावर जातो.

परंतु पाठचिकित्सेचे काही नियम असतात आणि ते नियम शिकण्यासाठी मराठी अभ्यासकाला पुण्याबाहेर जावे लागत नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम करताना वि. स. सुखटणकरांनी जी शिस्त घालून दिली, तिचा गाभा असा की, एखादा भाग आपल्या रुचीला किंवा तर्काला खटकतो म्हणून गाळावयाचा नाही. हस्तलिखितांचा पुरावा हवा. 'शिजी'च्या या प्रकरणातून ते वाक्य वगळणारे एकही हस्तलिखित पुढे आलेले नाही. विसंगती हा प्रक्षेपाचा पुरावा म्हणावा, तर सिमा छियेनचा निम्मा ग्रंथ प्रक्षिप्त ठरेल. कारण एका प्रकरणात एक पाठ व दुसऱ्या प्रकरणात त्याला छेद देणारा दुसरा पाठ ठेवून वाचकाला दोन्हींची तुलना करावयास लावणे हीच त्याची रीत आहे. राजवृत्तान्तात राजवंशाची अधिकृत नोंद, चरित्रात हान काळी लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट, अशी ही विभागणी आहे. कथा खोटी आहे आणि वाक्य खरे आहे, यात विरोध नाही. बॉडे यांना एका दगडात दोन पक्षी मारावयाचे होते. त्यात पक्षी एकच होता.

कथा खोटी असे म्हणताना माझ्याजवळ संहितेतील विसंगतीखेरीज काय आहे? एक म्हणजे मौन. इ. स. पू. २३९ मध्ये राजाच्या भावाने बंड केले, पुढच्याच वर्षी लाओ आयने केले. 'शिजी'त या दोन्ही प्रसंगी राजाच्या जन्माविषयी आक्षेप घेतला गेल्याचे कोठेही नाही. (भावाच्या बंडात असा जाहीरनामा निघाल्याचे जे सांगतात, त्यांनी तो मिंगकालीन फंग मंगलोंगच्या कादंबरीत वाचलेला असतो.) इ. स. पू. २०९ मध्ये छन शंग उठला तो सम्राटाचा थोरला मुलगा फूसू हाच खरा वारस असे सांगत. बापाच्या वंशाविषयी शंका असती तर हे बोलणे हास्यास्पद ठरले असते. ज्या यी या हानकालीन लेखकाने छिनच्या दोषांवर प्रसिद्ध निबंध लिहिला, सिमा छियेनने तो आपल्या ग्रंथात घेतला. त्यातही साम्राज्य बुडण्याची कारणे राज्यकारभारात शोधली आहेत, अंथरुणात नव्हे. अलीकडे, २००९ मध्ये पेकिंग विद्यापीठाकडे आलेल्या हानकालीन बांबूपट्ट्यांतील 'झाओ झंग शू' हा लेख २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वारसाची निवड 'शिजी'हून अगदी निराळी सांगितली आहे, सम्राटाला 'सम्राट' म्हणावयासही लेखक तयार नाही. तरी नाव आहे ते झाओ झंग. ल्यूचे आडनाव लावलेला 'ल्यू झंग' ठळकपणे भेटतो तो राजवृत्तान्ताच्या शेवटी जोडलेल्या, इ. स. ७४ च्या एका टिपणात, म्हणजे हान राजवट स्थिरावून अडीचशे वर्षे उलटल्यावर. मौनावरून काढलेला निष्कर्ष निर्णायक नसतो हे मान्य. पण ज्यांना बोलण्याने राज्य मिळणार होते त्यांचे मौन आणि ज्यांना काहीच मिळणार नव्हते त्यांचे मौन यांचे वजन सारखे नाही.

आणखी एक प्रश्न शुद्ध कथनमीमांसेचा आहे आणि कथनमीमांसेची माळ जपणाऱ्यांनी तो विचारू नये याचे नवल वाटते. गर्भाची गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एकाने इ. स. पू. २३५ मध्ये विष घेतले, दुसरी २२८ मध्ये वारली. दोघांपैकी कोणी बोलल्याचे संहिता सांगत नाही. मग निवेदकाला हे कोणी सांगितले? बंद खोलीतले रहस्य निवेदक इतक्या सहजपणे जाणतो तेव्हा आपण इतिहास सोडून कथेत शिरलो आहोत हे ओळखण्यासाठी कोणत्याही फ्रेंच परिभाषेची गरज नाही.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये विदुर हा युधिष्ठिराचा पिता असावा काय, ही शंका मांडली, हे येथे आठवल्याखेरीज राहत नाही. आमच्या वर्गांत हे उदाहरण 'जन्मरहस्या'च्या यादीत टाकून दिले जाते. पण इरावतीबाईंनी काय केले? संहितेतील एकेक खूण उचलली, तिच्या विरोधी जाणाऱ्या खुणाही ठेवल्या आणि तर्काला तर्कच म्हटले. शिवाय त्या अशा समाजाविषयी लिहीत होत्या की, ज्यात क्षेत्रज पुत्र धर्माने पुत्रच होता; बीज कोणाचे हे कळल्याने युधिष्ठिराचा सिंहासनावरील हक्क ढळत नव्हता. छिनच्या कथेत बीज कळताच सर्व काही ढळते, त्यासाठीच ती रचली गेली. दोन्ही कथा एका आशयसूत्राखाली बांधणे म्हणजे औषध आणि विष दोन्ही बाटलीत असतात म्हणून एका फळीवर ठेवणे.

ही केवळ विद्वत्तेची कुरबूर नाही. ज्या वाचनात साम्राज्याचे क्रौर्य व्यापाऱ्याच्या बीजातून आणि नर्तकीच्या उदरातून निघते, त्या वाचनाने कायदे, वेठबिगार, ग्रंथदहन आणि लाखोंची मजुरी यांचा हिशोब मागण्याचे सोडून दिलेले असते. व्यापारी आणि नर्तकी या दोघांकडे हान काळातील प्रतिष्ठित समाज कोणत्या नजरेने पाहत होता, हे सांगावयास नको. आणि आपणही, जन्मावरून कर्म ठरवणाऱ्या व्यवस्थेचा इतका अनुभव गाठीशी असताना, चर्चासत्रात बसून 'असे बीज, असे फळ' या वाक्याला माना डोलावतो! सत्याचा प्रश्न गैरलागू ठरवला की, प्रवाद आपोआप सत्य होतो, आणि तो नेहमी कोणाच्या तरी अंगावर पडतो.

त्या स्त्रीचे नावदेखील आपल्याजवळ नाही. 'झाओ जी' म्हणजे केवळ 'झाओची स्त्री'. तिच्याविषयीच्या नोंदींपैकी एक निबंधकाराने वगळली होती, ती राजवृत्तान्तातली. इ. स. पू. २२८ मध्ये हान्दान पडले तेव्हा राजा स्वतः तेथे गेला आणि आपल्या जन्माच्या काळी ज्यांनी ज्यांनी आपल्या आईच्या घराण्याशी वैर केले होते, त्या सर्वांना त्याने जिवंत पुरविले. नोंदीत आईचे 'घराणे' आहे आणि शहरभर त्या घराण्याचे वैरी आहेत. मद्याच्या बैठकीतून उचलून दिलेल्या, मागेपुढे कोणी नसलेल्या नर्तकीला इतके वैरी कोठून आले, याचे उत्तर निबंधाच्या पुढच्या खर्ड्यात यावे.